दवाखान्याचं बिल आणि बिलाबाहेरचं : सांगली-मिरजेचे अनुभव

गेल्या महिन्यात मिरजेत सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसली, तरी घरचे अठरा हजार गेलेच. तुमचं किती गेलं, किती वाचलं, लिहा. दवाखान्यांची नावं नकोत.

तासगावची सून (धागा माझाच)
आधीच्या दवाखान्यात ‘आधी अँजिओग्राफी करू’ म्हणाले, रोख भरले. तो दवाखाना योजनेत आहे का, हे विचारायचं कुणाला सुचतंय? मिरजेत आरोग्यमित्रानं (योजनेचा दवाखान्यातला माणूस) पहिल्यांदा रेशनकार्ड मागितलं. कार्डावर मामंजींचं नाव ‘बाबूराव’, आधारवर ‘बाबुराव’. दीड दिवस त्यात गेला. बाकीचे पैसे जीप, लॉज आणि चहात. चहाचा हिशेब सासूबाईंनी पाठ ठेवलाय.

जतचा
आईचं डायलिसिस योजनेतून, एक रुपया नाही. पण आठवड्यातून दोनदा मिरज. एसटीत तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण, शिवाय माझा रोजगार बुडतो. हे कुठल्याच बिलात येत नाही.

मिरजकर
धर्मादाय (ट्रस्टच्या) दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बलांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा १.८० लाख आणि ३.६० लाख. हे मला भावाचं बिल भरल्यावर कळलं. तहसीलदाराचा दाखला घेऊन गेलो, तर ‘आता काय उपयोग?’ दाखल करतानाच तिथल्या समाजसेवकाला गाठा आणि अर्ज लेखी द्या. तोंडी विचारलं की खाट नेमकी भरलेलीच असते.

कवठेमहांकाळ
मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर येतात. भरलेलं बिल परत मिळत नाही.

विट्याची
पोराचा हात मोडला. ग्रामीण रुग्णालयात केसपेपर, एक्स-रे, प्लास्टर सगळं फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून तसंच आहे. मेडिकल कॉलेजच्या सिव्हिलला मात्र केसपेपरला पैसे पडले. ते खातं वेगळं म्हणे.

पलूसचा
आमचं पांढरं रेशनकार्ड आहे. फुले योजनेला चालतं का?

तासगावची सून
आता चालतं, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत. पण आजच कार्ड आणि आधार शेजारी ठेवून नावं जुळवा. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा.