ऋतूनुसार बदलणारी भिंतशोभा : स्कँडिनेव्हियन भरतकामाचे अनुभव

डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथील पारंपरिक टाके वापरून ज्यांनी ऋतूप्रमाणे बदलण्याजोगी भिंतशोभा केली आहे, त्यांनी कापड, दोरा आणि टांगणी यांच्या तपशिलासह आपले अनुभव लिहावेत.

कोपनहेगनहून

डॅनिश घरांत ‘क्लोकेस्ट्रेंग’ ही अरुंद, उभी पट्टी दिसते. नोकरांना बोलावण्याची घंटा वाजवण्यासाठी जी पट्टी ओढत, तिचेच हे शोभेचे रूप. वरची-खालची पितळी टांगणी तीच ठेवून पट्टी तेवढी बदलता येते, म्हणून मी वसंतात अ‍ॅनिमोनच्या फुलांची आणि नाताळात होली या झुडपाच्या काटेरी पानांची पट्टी लावते. १९२८ साली स्थापन झालेल्या ‘हॉन्डआर्बायडेट्स फ्रेम्मे’ या डॅनिश हस्तकला-संस्थेसाठी गेर्डा बेंगट्सन यांनी काढलेले रानफुलांचे नमुने मला सर्वांत आवडतात. आपल्याकडे दोसुतीवर फुल्या भरलेल्यांना टाका ओळखीचाच वाटेल; फक्त येथे लिननचे दोन-दोन धागे मोजून फुली घालावी लागते, आणि तेथेच डोळ्यांची खरी परीक्षा असते. डॅनिश फुलदोरा सुती व बिनचमकीचा असतो, तो रेशमी दोऱ्याने बदलू नये असे माझे ठाम मत आहे. डिसेंबरच्या पट्टीवर नाताळपर्यंतच्या दिवसांच्या २४ कड्या शिवून प्रत्येकीला मुलांसाठी एक छोटी भेट बांधतात. एवढी मोठी पट्टी वेळेत हवी असेल तर उन्हाळ्यातच हाती घ्यावी.

बर्गनहून

नॉर्वेच्या हार्डांगर भरतकामात पांढऱ्यावर पांढरेच काम असते. चार धाग्यांवर पाच सपाट टाक्यांचा एक ठोकळा, अशा ठोकळ्यांनी जागा चारही बाजूंनी बांधून झाल्यावरच आतले धागे कापायचे, तेही टाक्यांची टोके जेथे संपतात त्याच कडेला; टाक्यांना समांतर असलेल्या कडेला कात्री लावली की ठोकळाच उसवतो. ठोकळ्यांना ५ क्रमांकाचा व जाळीला ८ क्रमांकाचा पर्ल कॉटन दोरा वापरते. पांढऱ्या भिंतीवर ही जाळी हरवते, त्यामुळे मागे हिवाळ्यात गडद लाल आणि उन्हाळ्यात निळे कापड लावते. भरतकाम एकच, ऋतू मात्र अस्तराने बदलतो.

पुण्याहून

मी हक कापडावर, म्हणजे वर उचललेले धागे असलेल्या कापडावर, ‘स्वीडिश विणकाम’ करते; नाव विणकामाचे असले तरी हे सुईने केलेले भरतकामच. सुई कापडावर उचललेल्या धाग्यांखालूनच जाते, मागे उतरत नाही, म्हणून उलटी बाजू कोरी राहते आणि अस्तराची गरज पडत नाही. फुलापानांच्या नक्षीपेक्षा चांदण्या व नागमोडी रेषा यात अधिक शोभतात.

हाल्मस्टाडहून

स्वीडनमधील आमच्या हालांड प्रांताच्या टाक्यात पांढऱ्या लिननवर लाल व निळ्या दोऱ्याने वर्तुळे, तारे आणि झाडे भरतात. मूळचे हे काम उशांच्या अभ्र्यांवरचे. तरी ही झाडे नाताळच्या पट्टीवर वेगळ्या सजावटीवाचून शोभतात.