जीवामृतानं सोयाबीनचा उतारा वाढला हे पक्कं कसं ठरवायचं?

निपाणी_शिवार
खालच्या रानात यंदा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पातळ खत) दिलं, एकरी 9 क्विंटल उतारा पडला. वरच्या रानात दिलं नाही, तिथं 7. खाली डीएसबी 21 वाण आहे, वर जेएस 335. शेजारचे म्हणतात जीवामृताचाच गुण. पुढच्या मिरगाला सगळ्या रानात द्यायचं का? की आधी नीट बघून घ्यावं? बघायचं तर कसं?

पाभर_कुळव
दादा, तुम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्यात: रान, वाण आणि जीवामृत. खालच्या रानात ओल जास्त टिकते, वरून वाहून आलेली माती तिथंच साठते. डीएसबी 21 तांबेरा रोगाला दाद देत नाही, जेएस 335 ची पानं तांबेरा आला की लवकर गळतात आणि दाणा बारीक राहतो. 2 क्विंटलचा फरक यातल्या कुणाचा, हे या आकड्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एकच रान घ्या, एकच वाण, एकाच दिवशी पेरा. 45 सेंमी अंतरानं 10 ओळी आणि 5 मीटर लांबी, असा एक वाफा. दोन-दोन वाफ्यांची जोडी करा. जोडीतले दोन्ही वाफे ढाळाच्या एकाच पातळीवर, शेजारी-शेजारी हवेत. मध्ये मीटरभर जागा आणि लहान वरंबा ठेवा, नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर जीवामृत पलीकडच्या वाफ्यात जातं. अशा चार जोड्या पुरे. बांधावरच्या झाडाची सावली पडते तो तुकडा मुळातच सोडा.

जोडीतल्या कुठल्या वाफ्याला द्यायचं हे नाणं उडवून ठरवा. आपण निवडलं की हात आपोआप चांगल्या वाफ्याकडे जातो.

आणि हे बहुतेक जण विसरतात: एकरी 200 लिटर धरलं तर वाफ्याला साधारण 1.1 लिटर जीवामृत येतं. जोडीदार वाफ्याला त्याच दिवशी तेवढंच साधं पाणी द्या. उघडीप पडली असेल तर नुसत्या पाण्यानंही पीक तरारतं.

आकडेमोड_चिकोडी
बाकी सगळं बरोबर, पण चार जोड्या कमी पडतात. जीवामृताचा काहीच परिणाम नसला तरी चारही जोड्यांत नुसत्या योगायोगानं जीवामृताचाच वाफा सरस ठरण्याची शक्यता 16 त 1 आहे. सहा जोड्या केल्या तर ती 64 त 1 होते. दोन जोड्या वाढवायला फार रान लागत नाही.

नाणं उडवणं हा पोरखेळ वाटेल, पण नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच रानात गव्हाला वेगवेगळ्या खतांचे पट्टे चालू आहेत. प्रत्येक खताला एकच पट्टा, त्यामुळे फरक खताचा की त्या जमिनीचा, हा प्रश्न राहतोच. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये तिथं रुजू झाला आणि त्यानं पुनरावृत्ती आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी यांची शिस्त बसवली.

वजनाचं: कडेच्या ओळींना उजेड आणि जागा जास्त मिळते, म्हणून दोन्ही बाजूंची एकेक ओळ आणि टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडा. उरतं 3.6 × 4 = 14.4 चौरस मीटर. तिथलं 1 किलो म्हणजे एकरी 281 किलो. ओलावा 12 टक्क्यांवर आणून तुलना करा: वजन × (100 − ओलावा) ÷ 88. 16 टक्के ओलाव्याचं 3 किलो सोयाबीन खरं 2.86 च भरतं. एक वाफा वाळलेला आणि दुसरा ओला तोलला की प्रयोग तिथंच संपला.

समजा सहा जोड्यांतला फरक ग्रॅममध्ये 300, 200, उणे 100, 400, 100, 300 आला. सरासरी 200, म्हणजे एकरी 56 किलो. एका जोडीत उलटं गेलंय, तरी टी-चाचणीत (फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची संख्याशास्त्राची रीत) 2.74 येतात आणि सहा जोड्यांना ओलांडायची मर्यादा 2.57 आहे. फरक खरा धरायला हरकत नाही. मात्र 56 किलोचे पैसे आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मजुरी यांचा खर्च शेजारी मांडूनच सगळ्या रानाचं ठरवा.

पाभर_कुळव
सहा जोड्या मान्य. नुसतं शेवटचं वजन नको, मधेही बघत चला. 35-40 दिवसांनी कडेच्या ओळीतली (त्या ओळी वजनात धरायच्या नाहीतच) दर पाचवी, अशी पाच झाडं खुरप्यानं मातीसकट काढा. डोळ्याला भरतील ती निवडू नका. मुळावरची गाठ नखानं फोडा. आत लालसर-गुलाबी असेल तर ती नत्र धरतेय. फिकट किंवा हिरवट असेल तर उपयोगाची नाही. मोजणाऱ्याला कुठला वाफा कशाचा हे सांगू नका, नुसते नंबर द्या.

निपाणी_शिवार
मळणीचं काय? तीन-तीन किलोसाठी मशीन लावायचं?

आकडेमोड_चिकोडी
मशीन नकोच. आदल्या वाफ्याचे दाणे आत अडकतात आणि पुढच्यात मिसळतात. वाफ्यागणिक वेगळं पोतं करा, काठीनं झोडपा, सुपानं पाखडा. नंबराची चिठ्ठी पोत्याच्या बाहेर आणि आतही टाका, पेन्सिलनं लिहिलेली. शाई ओलीनं पसरते. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर सगळी पोती एकाच ताडपत्रीवर, सारखंच ऊन देऊन वाळवा आणि एकाच दिवशी तोला. तेवढ्यानं तुलनेपुरतं भागतं.