टोकियो आधी की सुरगाणा?

कॉलेज रोडचा मास्तर: मी नाशिकला कॉलेजात शिकवतो. यंदा माझ्याकडे 'सांस्कृतिक भिन्नता' हा पेपर आलाय. जपानी माणूस किती वाकतो, जर्मन वेळ कशी पाळतो, असलं सगळं. परवा मधल्या सुट्टीत सुरगाणा या आदिवासी तालुक्यातल्या मुलीने नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी काढली. शेजारचीने विचारलं, "ही काळी कशी गं, जळली का?" कुजकेपणा नव्हता त्यात. पण डब्याचं झाकण लागलं ते लागलंच. माझं मत : पेपर हवा, पण आधी आपल्याच जिल्ह्यातलं सुरगाणा, मालेगाव, सातपूर. टोकियो मग.

द्राक्षबागवाला: नाही पटलं, सर. आमची द्राक्षं युरोपात जातात. तिथल्या खरेदीदाराला "बघतो, करतो" म्हटलं की तो आपल्याला खोटारडा समजतो. पोरांना हे कोण शिकवणार? सुरगाण्यासाठी पेपर कशाला, एका बाकावर बसतात, आपोआप कळतं.

कॉलेज रोडचा मास्तर: आपोआप कळलं असतं तर डबा बंद झाला नसता, भाऊ. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने १९५४ मध्येच मांडलंय : नुसतं जवळ आणून भागत नाही; दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एकत्र हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा. आणि देशादेशांचे ते स्वभावगुण ज्या डच संशोधक हॉफस्टेडच्या तक्त्यातून येतात, तो मुळात एकाच कंपनीच्या, आयबीएमच्या, नोकरदारांना १९६७ ते ७३ दरम्यान प्रश्नावल्या देऊन झालेला. त्यावरून अख्खा जर्मनी ओळखायचा?

घाटावरची: मी सुरगाणा तालुक्यातलीच. सर, तुमच्या 'आधी सुरगाणा'ची मला जास्त धास्ती वाटते. आमच्या कॉलेजात एका कार्यक्रमात मला तारपा नाच करायला उभं केलं होतं. आम्ही कोकणा आदिवासी. आमच्या गावात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला पावरी हे वाद्य वाजतं, तारपा हे वाद्य मी टीव्हीवर पाहिलेलं. तरी नाचले. काय करणार, मार्क होते. आमचं शिकवायचं तर तुमचंही शिकवा. बंगल्यात कामवाल्या मावशींचा कप वेगळा का असतो, ते कितव्या युनिटला?

पंचवटीकर: ताई, बरोबर बोललात. २ मार्च १९३० ला इथल्याच काळाराम मंदिरासमोर आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला तो काही 'भिन्नता' समजून घ्यायला नव्हता. दलितांना दार बंद होतं म्हणून होता. विषमतेला भिन्नता म्हटलं की कुणालाच काही लागत नाही. सोयीचं आहे.

द्राक्षबागवाला: झालं, आलं राजकारण.

कॉलेज रोडचा मास्तर: कपाचं लागलं. आमच्याकडे तो खिडकीत पालथा असतो, हिरव्या दांड्याचा. पंधरा वर्षांत मी कधी विचारलं नाही. सुरगाण्याला 'अभ्यास सहल' काढणार होतो, ती रद्द. पहिलं असाइनमेंट : आपापल्या घरातलं स्वयंपाकघर आठवडाभर बघा. कोण आधी जेवतं, कुणाचं भांडं वेगळं, देवघराशी कुणी जायचं नाही. नावं न घालता लिहून आणा. माझंही वाचून दाखवीन.

घाटावरची: आणि ती डबावाली? तिला आधी विचारा, तिला यात पडायचंय का.

द्राक्षबागवाला: पालक भांडायला येतील, सर. मी पहिला.