'आकारिक' म्हणजे नेमकं काय?

ऐरोलीकर: लेकीच्या प्रगतिपुस्तकात 'आकारिक' आणि 'संकलित' असे दोन रकाने आहेत. संकलित कळलं, बेरीज. आकारिक वाचून सासूबाई म्हणाल्या, शाळेनं आणखी काही फी आकारली वाटतं. चुकलं का त्यांचं?

ठाणेकर: अजिबात नाही. दंड आकारतात, भाडं आकारतात, तोच धातू. गंमत म्हणजे पालिकेचा 'असेसमेंट उतारा' आणि शाळेतलं असेसमेंट, इंग्रजी शब्द एकच. मराठीनं त्याचे दोन केले, करआकारणी आणि मूल्यमापन, आणि तरी 'आकार' मागच्या दारानं शाळेत शिरलाच!

निवृत्त बाई, कळवा: मागच्या दारानं नाही हो. हा आकार घडणीचा, आकार देण्यातला. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली 'फॉर्मेटिव्ह' (शिकता शिकता होणारं) आणि 'समेटिव्ह' (शेवटी होणारं) ही जोडी मांडली, आकारिक-संकलित हे तिचं मराठी रूप. ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्या निर्णयात आकारिकाचा भारांश, म्हणजे एकूण गुणांतला वाटा, पहिली-दुसरीला ७० टक्के ठरला, सातवी-आठवीला ४०. निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, स्वाध्याय सगळं त्यात. मूल कुठं अडलंय ते वेळेत कळावं आणि बाईंनी आपलं शिकवणं बदलावं, एवढ्यासाठी. आम्ही मात्र वर्षभराच्या निरीक्षणाच्या नोंदी एप्रिलमध्ये एका बैठकीत भरायचो. मग आकार कसला नि काय! शब्दही जरा अवघडच झालाय. 'घडणीचं मूल्यमापन' म्हटलं असतं तर तुमच्या सासूबाईंनाही कळलं असतं.

ठाणेकर: आणि अचूक मूल्यमापन कशाला म्हणायचं? दोघांनी तपासून सारखेच गुण दिले, की झालं?

निवृत्त बाई, कळवा: ती विश्वसनीयता. सप्रमाणता वेगळी, म्हणजे जे तपासायचं तेच तपासलं जाणं. तागडीला पासंग असेल तर तेच कांदे दहादा तोला, दहाही वेळा वजन सारखंच भरेल आणि दहाही वेळा चुकीचं. मी एकदा गणितात विचारलं होतं, एका गोणीत ४५ किलो कांदे, तर १२ गोण्यांत किती? एका मुलानं जागा कोरी सोडली. "गोणी म्हणजे पोतं रे," म्हटल्यावर उभ्या उभ्या ५४० सांगितले त्यानं. तपासायचा होता गुणाकार, तपासलं मराठी.

ऐरोलीकर: तुर्भ्याचा कांदा-बटाटा बाजार आमच्यापासून चार स्टेशनांवर. लेकीला आत्ताच विचारलं, गोणी कशाची असते? "सिमेंटची." समोर टॉवरचं काम चालू आहे ना. सासूबाईंनी अर्धाच गुण दिला.