तीस हजारांत हार्डटेल : पुढच्या शॉकअपवर पैसे घालावेत का?

घाटमाथा (सातारा)

आतेभावाचा मुलगा कॉलेजला आहे. त्याने तीन सायकलींचे फोटो पाठवून विचारलं, "काका, यातली कुठली?" बजेट तीस हजार, आणि त्यातच हेल्मेट, पंप, लाइट बसवायचे. तिन्ही हार्डटेल, म्हणजे शॉकअप फक्त पुढे, मागे नाही; तिन्हींवर ठळक अक्षरात 'डबल डिस्क', दोघींवर '२१ स्पीड'. वापर म्हणाल तर रोज गोडोलीहून कॉलेज, रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला, येताना एखादी कच्ची वाट. जमलंच तर कण्हेरच्या कॅनॉलकडेने लांबवर.

माझं मत असं आहे, की या पैशात पुढे मिळतं ते अडीच किलोचं ओझं. आत स्प्रिंग असते, पण तिला आवरणारं जवळपास काही नसतं. खड्ड्यात दबते आणि तितक्याच जोरात वर उसळते, वरातीतल्या घोडीसारखी. वरची खुंटी फिरवली की शॉकअप कडक होतो असं काउंटरवर सांगतात. खरं तर ती खुंटी स्प्रिंगला आधीपासून थोडी दाबून ठेवते, इतकंच. स्प्रिंग तीच राहते, म्हणजे ५५ किलोच्या पोराला आणि ९० किलोच्या बाप्याला एकच. वर घाटात उभं राहून पायंडल मारलं की पुढचं टोक खालीवर होत राहतं, ते वेगळंच.

त्यापेक्षा साधा, बिनशॉकअपचा चिमटा घ्यावा, टायर २.२ इंची, हवा तीस पीएसआयच्या आसपास. खडीची बारीक थरथर टायर खातो, आणि ती खाणं स्वस्तातल्या शॉकअपला जमतच नाही. वाचलेला पैसा मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आणि ब्रेकवर लावावा. साध्या चिमट्याची एमटीबी (डोंगरवाटेची सायकल) दुकानात कमी दिसते हे मान्य. पण काही हायब्रिडना (रस्त्याची आणि एमटीबी यांच्या मधली सायकल) जाड टायर बसतो, जागा मोजून घ्यायची.

बोला आता.

सडेवाला

काका, तुम्ही घाटातलं डांबर डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. नुसतं डांबर चढायचं असेल तर एमटीबी हवीच कशाला?

प्रश्न उतरताना येतो. जांभा असलेली कुठलीही वाट घ्या. दगड सुटे नसतात, जमिनीतूनच वर आलेले असतात आणि धारदार असतात. साध्या चिमट्यावर ही वाट उतरताना मनगटं बधिर होतात, मग हात हँडल नुसतं धरून ठेवतो आणि ब्रेकवरचं बोट सुटतं. साधा स्प्रिंगचा शॉकअप बारीक थरथर खात नाही हे तुमचं बरोबर आहे, पण मोठा दणका खातो, आणि नवख्याला पाडतो तो दणकाच. टायरमधली हवा कमी केलीत की त्याच दगडावर ट्यूब रिंगमध्ये चिमटून दोन भोकं पडतात. तीस पीएसआय तुमच्या वजनाला किती झेपते ते जांभ्यावर एकदा बघाच.

आणि 'काही हायब्रिडना' म्हणजे कुठल्या? पोराला दुकानात जे दिसतं त्यातूनच निवडायचंय.

(तेवढ्यात एक सांगून ठेवतो : कासच्या सड्यावर सायकल घालायची नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. चाकाखाली चिरडतं ते पुढच्या वर्षी उगवत नाही. रस्त्यावरच राहायचं.)

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्याकडे चढ म्हणजे आयर्विन पूल, त्यामुळे तुमच्या घाटाच्या वादात मी बोलू नये हेच बरं. तरी एक मुद्दा. पावसाळ्यात काळ्या रानातनं पाणंदीनं सायकल घाला. शंभर पावलांत चिखल टायर आणि चिमट्याच्या मध्ये असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. तिथं २.२ चा टायर कोंबलेली हायब्रिड सगळ्यात आधी अडकणार. टायरभोवती बोटभर तरी मोकळी जागा पाहिजे लगा, आणि ती एमटीबीच्या फ्रेमला असते. दंडोबाच्या डोंगराला जाताना मी म्हणून हार्डटेलच काढतो. शॉकअपचं कौतुक नाही, जागेचं आहे.

घाटमाथा

कृष्णाकाठ, जागेचा मुद्दा मान्य. पण मग असं म्हणा ना, की फ्रेम एमटीबीची आणि चिमटा साधा. शॉकअप कुठे आला त्यात?

सडेवाला, पोर पहिल्याच वर्षी जांभ्यावरून उड्या मारत उतरणार आहे का? ते आधी घाट चढणार आहे. अडीच किलो आणि साधारण सव्वा किलो यातला फरक चढाला पायाला कळतो.

सडेवाला

सव्वा किलो म्हणजे दोन पाण्याच्या बाटल्या काका. त्याने घाट अडत नाही. रग जिरते ती गिअरनं.

पाना_दहा

तुम्ही दोघं पुढच्या चाकावर भांडताय आणि गिऱ्हाईक माझ्याकडं मागचं चाक घेऊन येतंय.

गिअरच्या सायकली दुरुस्त करतो म्हणून सांगतो. सात गिअरची जी फ्री असते ना, आट्यावर फिरवून बसवलेली, तिथं उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत बसतात आणि एक्सलचा बराच भाग बाहेर, आधाराशिवाय राहतो. डांबरावर काय होत नाही. वजनदार माणूस, खड्ड्यात आपटलं, फुटपाथवरनं उतरवली, की एक्सल वाकतो. मग चाक हलायला लागतं, गिअर घसरतात आणि माणूस म्हणतो गिअर खराब. गिअर खराब नसतात. दुसरा प्रकार कॅसेट, म्हणजे हबवर नुसता सरकवून बसवलेला चकत्यांचा गठ्ठा. कॅसेटच्या हबला छर्रे पार उजव्या टोकाशी असतात, म्हणून तो टिकतो.

दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक उचला, गिअरच्या चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या खाचांकडं बघा, जिथं पाना बसतो तिथं. चकत्यांबरोबर खाचा पण फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरतात आणि खाचा जागेवर, तर फ्री. आठ-नऊ गिअर असले म्हणजे कॅसेटच असंल असं धरून चालू नका, स्वस्तात आठची फ्री पण येते.

दुसरं, हँडलखालची नळी बघा. वर बारीक आणि खाली रुंद, म्हणजे टेपर्ड, असंल तर पुढं कधी पैसे आल्यावर चांगला हवेचा (स्प्रिंगऐवजी आत हवा असलेला) शॉकअप बसवता येतो. सरळ नळीची घेतली तर नवीन चांगल्या शॉकअपमध्ये निवड जवळपास राहतच नाही. त्यामुळं आज पुढं काय लावलंय यापेक्षा उद्या काय बसंल ते बघा. शॉकअप बदलता येतो, फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची.

बापू_कोरेगाव

मामा सातच्या फ्रीला, म्हणजे २१ स्पीडलाच (पुढे तीन, मागे सात) नावं ठेवून गेले, म्हणून हिशेबाला बसलो.

पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या चकत्या आणि मागे १४ ते ३४ अशी सात गिअरची सायकल धरा. सगळ्यात हलका गिअर २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१ (आकडा जितका लहान तितका चढ हलका). आता ती नव्या धाटणीची, पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे ११ ते ४२, नऊ गिअर. ३२ भागिले ४२, ०.७६. म्हणजे जुनाट म्हणून टाकलेली सायकल यवतेश्वरला जास्त हलकी जाते! शिवाय नवी असते २९ इंची चाकाची, जुनी २७.५ ची. मोठ्या चाकाला तोच गिअर आणखी पाचेक टक्के जड पडतो. पोराच्या गुडघ्याचा विचार करा, स्टिकरचा नको.

मात्र मागे १४ ते २८ असेल तर माझंही उत्तर 'नको' आहे. तिथे ०.८६ येतं, घाटात उतरून ढकलावी लागेल. 'एकवीस' हा आकडा कुणी विचारू नये, मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची ते विचारावं. मोबाइलवर फोटो काढून दाते मोजता येतात.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय. जुन्या छापील किमतीवर 'खास सूट' दिली म्हणून कुणी हुरळून जाऊ नये.

पाना_दहा

बापू, हिशेब बरोबर. पण ती ३४ वाली सातची म्हणजे फ्रीच आली, आणि फ्री आली की माझं वरचं सगळं आलं. पोराचं वजन किती?

बापू_कोरेगाव

ते घाटमाथा सांगतील. साठच्या आत असेल तर एक्सलची एवढी भीती घालू नका हो मामा.

घाटमाथा

६२. अजून वाढेल, जेवतो चांगला.

अनघा_शाहूपुरी

एकाही दादाने साइज विचारली नाही. मुलाची उंची किती? दुकानात एकच साइज शिल्लक असते आणि 'सीट खाली केली की बसेल' म्हणून गळ्यात मारतात. माझी उंची पाच फूट एक इंच, मला हे वाक्य तोंडपाठ आहे. सीट खाली होते, पण हँडलपर्यंतचं अंतर कमी होत नाही. सायकलची दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकवून उभं राहायचं, दांडीच्या वर दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. खडकाळ वाटेवर अचानक पाय टेकावा लागतो तेव्हा हे कळतं.

माझं मत तिसरंच आहे : नवी घेऊच नका. तीस हजारांत पाच-सहा वर्षं जुनी पण मूळची दुप्पट किमतीची हार्डटेल पुण्यात मिळते. लॉकडाउननंतर हौसेने घेऊन गॅलरीत उभ्या राहिलेल्या कितीतरी आहेत. कॅसेट, ऑइल ब्रेक, नशीब असेल तर हवेचा शॉकअप. वजनाप्रमाणे हवा भरायची, मग घाटमाथा दादांची स्प्रिंगची तक्रारच मिटली.

सडेवाला

अनघाताई, हवेचा शॉकअप म्हणजे देखभाल आली. खालच्या नळ्या उघडून साफ करून तेल बदलणं, हे कंपन्या पन्नास तासांच्या वापरावर सांगतात. गॅलरीत चार वर्षं उभ्या राहिलेल्याचे सील सुकलेले असणार. आतल्या नळीवर ओरखडा असला तर सील बदलूनही तेल गळतं. नवख्या पोराने हे कसं ओळखायचं? नवीनला निदान वॉरंटी असते.

अनघा_शाहूपुरी

नळीवरून नख फिरवायचं. नख अडकलं तर घ्यायची नाही. हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) वेल्डिंगजवळ रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी घ्यायची नाही. साखळी किती ताणली ते मोजायचं माप स्वस्तात मिळतं, ते ०.७५ ला आत गेलं तर साखळी आणि बहुतेक कॅसेटही बदलावी लागणार, तेवढे किमतीतून कापून मागायचे. हे काही रॉकेट सायन्स नाही सडेवाले. वॉरंटीचं म्हणाल तर शॉकअपच्या आणि ब्रेक पॅडच्या झिजेला ती नसते, बारीक अक्षरं वाचा.

पाना_दहा

अनघाताईचं बरोबर आहे, पण ऑइल ब्रेकबाबत एक सांगतो. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. लोक मोटरसायकलचं ब्रेक ऑइल ओततात. आतली रबरं फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. जुनी घेताना आधीच्या मालकानं काय ओतलंय ते विचारून बघा, चेहऱ्यावर कळतं.

वायरवाला डिस्क पण वाईट नाही, कुणी शिकवत नाही एवढंच. त्यात बहुतेक ठिकाणी एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर. नुसती वायर ताणत बसलं की डिस्क एका अंगाला वाकवत राहता. आतल्या पॅडचा स्क्रू वेगळा असतो, तो आधी. रिंगवर दाबणारे ब्रेक मात्र आपल्या लाल मातीत पावसाळ्यात नकोत. माती कानशीसारखं काम करते, रिंगच झिजते.

पोरगा_गोडोली

मी तोच. काकांनी लिंक पाठवली. उंची पाच-आठ.

आज दुकानात जाऊन तिन्ही चाकं उलटी फिरवून बघितली, दुकानदार बघतच राहिला. दोन फ्री निघाल्या. तिसरी आठ गिअरची, कॅसेट आहे, पुढे दोन चकत्या ३६-२२, मागे ३२. नळी टेपर्ड. शॉकअप स्प्रिंगचाच, पण वर लॉक करायचा खटका आहे. ब्रेक वायरचे. मीडियम साइज बरोबर बसली. किंमत २६ हजार सांगतोय. जुनी बघायला पुण्याला जायला घरचे नाही म्हणतात.

बापू_कोरेगाव

२२ भागिले ३२, ०.६९. घाटाला माझ्या हिशेबापेक्षाही हलकी! घे.

घाटमाथा

घे, पण शॉकअपसाठी घेतोयस असं समजू नको. कॉलेजला आणि घाट चढताना खटका लावूनच ठेव.

सडेवाला

आणि उतरताना आठवणीने उघड. काकांचं ऐकून बंद ठेवशील आणि मनगट घेऊन बसशील.

पोरगा_गोडोली

बरं. उरलेल्या चार हजारांत हेल्मेट, पंप, लाइट बसेल. आता बाभळीच्या काट्यांचं काय? कॅनॉलच्या रस्त्याला मित्र गेला की पंक्चरच. ट्यूबलेस करू का?

कृष्णाकाठ (सांगली)

काट्याला ट्यूबलेससारखं काय नाय. आतलं सीलंट भोक बुजवतं.

पाना_दहा

त्या किमतीच्या रिंग ट्यूबलेसच्या नसतात, टेप लावून जमवायचं म्हटलं तर हवा धरतीलच याची खात्री नाही. पैसे घालवू नको. ट्यूबमध्येच सीलंट भर, त्यासाठी व्हॉल्व्हचा आतला कोअर निघणारा पाहिजे, मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असंल तर निघतो. आणि फिरून आल्यावर टायरवरनं हात फिरवून काटे उपटत जा. अर्धवट मोडलेला काटा हळूहळू आत जातो, पंक्चर दोन दिवसांनी होतं आणि माणूस ट्यूबला शिव्या देतो.

सायकल घेतल्यावर दुकानातनं सरळ घाटात नेऊ नकोस. आधी महिनाभर शहरात चालव, नवीन तारा सैल होतात, मग एकदा चाकांचा आऊट काढून घे. सकाळी आणलीस तर लगेच होईल, संध्याकाळी गर्दी असते. आणि बिलावर फ्रेम नंबर लिहून घ्यायला विसरू नको.