प्लॅनेट म्यूचे नवे फुटवर्क अल्बम: ठेका नेमका कुठे धरायचा?

प्रश्न

गेली काही वर्षे मी हाउस आणि टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे प्रकार नियमाने ऐकतो. अलीकडे प्लॅनेट म्यू या स्वतंत्र ब्रिटिश लेबलचे दोन अल्बम घेतले: आर. पी. बू यांचा ‘लेगसी व्हॉल्यूम २’ (२०२३) आणि जेलिन यांचा ‘अकोमा’ (२०२४). दोन्ही शिकागोच्या फुटवर्क या वेगवान नृत्यसंगीताच्या परंपरेतले म्हणून ओळखले जातात, परंतु मला त्यांत साम्य फार थोडे सापडते. बू यांच्याकडे एखादा शब्द तुटक तुटक इतक्या वेळा येतो की गाणे पुढे सरकतच नाही असे वाटते, तर जेलिन यांच्याकडे तालवाद्यांची एवढी दाटी आहे की सम कुठे आहे तेच कळत नाही. जूक ही शिकागोचीच शैली आणि फुटवर्क यांत फरक काय, आणि हे संगीत ऐकताना लक्ष कशावर ठेवायचे?

पहिला प्रतिसाद

हाउसवर तयार झालेला कान प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, शोधतो, आणि फुटवर्कमध्ये नेमका तोच आधार काढून घेतलेला असतो. नव्वदच्या दशकात शिकागोच्या डान्स मेनिया या लेबलवर घेट्टो हाउस हे हाउसचे एक रूप बहरले. त्याचा वेग वाढत जाऊन मिनिटाला दीडशे मात्रांच्या आसपास पोहोचला, तेव्हा त्याला जूक म्हणू लागले. जूकमध्ये किक बहुधा सरळ पडते आणि ते पार्टीत सगळ्यांनी मिळून नाचण्याचे संगीत आहे. फुटवर्क मात्र रिंगणात समोरासमोर उतरणाऱ्या नर्तकांच्या चढाओढीसाठी घडले.

फुटवर्कचा वेग साधारण १६० असतो, म्हणजे एक मात्रा ०.३७५ सेकंदाची. पण टाळी बहुतेक वेळा निम्म्या लयीत, ८० च्या हिशेबाने पडते, आणि किक मात्र तीन-तीनच्या गटांत तिला तिरकी जात राहते. पायात कोणती लय घ्यायची, हे नर्तक क्षणोक्षणी ठरवत असतो. त्यामुळे तुम्ही आधी ती संथ टाळी पकडा आणि हाताने धरून ठेवा. तबल्याची चौगुन सुरू असताना आपण मूळ लय हातावर मोजत राहतो, तसेच हे आहे. एकदा ती टाळी हाती लागली की गोंधळ वाटणारे ठोके आपोआप जागेवर बसतात.

पुनरावृत्तीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बू यांचे मोठेपण मला तिथेच दिसते. ते हाउस-ओ-मॅटिक्स या शिकागोच्या नृत्यगटाबरोबर घडले आणि १९९७ चा त्यांचा ‘बेबी कम ऑन’ हा ट्रॅक अनेकजण फुटवर्कचा आरंभ मानतात. त्यांच्या संगीतात कापलेला आवाज हे एक तालवाद्यच असते. शब्दाचा अर्थ झिजत जातो आणि त्यातली व्यंजने ठोक्यांसारखी वाजू लागतात. शिवाय रिंगणातल्या प्रतिस्पर्ध्याला डिवचण्याचे कामही तोच शब्द करतो. गाणे पुढे जात नाही हे तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, कारण पुढे जायचे असते ते नर्तकाने.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे, मात्र एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. ‘लेगसी व्हॉल्यूम २’ नव्याने प्रकाशित झाला असला तरी त्यातले संगीत २००२ ते २००७ या काळातले आहे. म्हणजे तुम्ही लागोपाठ आलेल्या दोन अल्बमांची तुलना करता आहात असे दिसत असले, तरी दोहोंमधले अंतर जवळपास दोन दशकांचे आहे. प्लॅनेट म्यूचे संस्थापक माइक पॅरॅडिनस यांनी २०१० मध्ये ‘बँग्ज अँड वर्क्स’ हा संग्रह काढला आणि शिकागोबाहेरच्या बहुसंख्य श्रोत्यांना ही शैली तेव्हा प्रथम भेटली. तोवर शिकागोत ती चांगली मुरलेली होती. लेबलचे ऋण मोठे आहे, पण लेबलच्या तारखांना शैलीचा इतिहास समजू नये.

जेलिन यांची वाटही निराळी आहे. त्या शेजारच्या इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादनगरीच्या असून स्वतः पोलाद कारखान्यात काम करत असत. सुरुवातीला त्या इतरांच्या गाण्यांचे तुकडे वापरत. त्यांपैकी एक रचना ऐकून आईने ‘पण तुझा स्वतःचा आवाज कसा आहे?’ अशा आशयाचा प्रश्न विचारला, आणि त्यांनी ती पद्धत सोडली. म्हणून बू यांच्याकडचा तो कापलेला मानवी आवाज त्यांच्याकडे तुम्हाला सापडला नाही. थर्ड कोस्ट पर्कशन या वादकसमूहासाठी लिहिलेली त्यांची ‘पर्स्पेक्टिव्ह’ ही रचना २०२३ च्या पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. ‘अकोमा’मध्ये तर गायिका ब्यर्क, क्रोनोस क्वार्टेट हा तंतुवादकांचा समूह आणि संगीतकार फिलिप ग्लास यांचा सहभाग आहे. इथले श्रोते रिंगणाभोवती उभे नसून सभागृहात बसलेले आहेत. माझ्या मते हे फुटवर्कपासून दूर जाणे नव्हे. तालाची तीच जडणघडण त्यांनी दुसऱ्या कामाला लावली आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी ८० ची टाळी हातावर धरून ‘लेगसी’ पुन्हा ऐकला आणि तिसऱ्या-चौथ्या ट्रॅकपर्यंत किक कुठे तिरकी जाते ते कळू लागले. ‘अकोमा’त ती टाळी अजूनही मध्येच सुटते. या दोन टोकांच्या मधले काही सुचवता येईल का?

पहिला प्रतिसादक

अवश्य. डीजे रशाद यांचा ‘डबल कप’ (२०१३, हायपरडब लेबल) आधी ऐका. सोल आणि जंगल या शैली फुटवर्कमध्ये इतक्या सहजपणे मिसळलेल्या मी अन्यत्र ऐकलेल्या नाहीत; २०१४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले, ही हानी मला आजही जाणवते. त्यानंतर प्लॅनेट म्यूवरच आलेला डीजे मॅनी यांचा ‘सिग्नल्स इन माय हेड’ (२०२१) घ्या. त्यात आर अँड बीचा गोडवा असल्याने टाळी सापडणे सोपे जाते, आणि मग ‘अकोमा’कडे परता. एक विनंती मात्र आहे: हे फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. या संगीतात अर्धा ताल अगदी खालच्या बेसमध्ये असतो आणि छोट्या स्पीकरवर तो मुळात वाजतच नाही. तुमची सुटणारी टाळी कदाचित तिथेच हरवत असेल.