डॉट ओनियन : डोमेन की पत्ता? आणि 'नेम कोलिजन'ला काय म्हणायचं?

रानवारा: टॉर ब्राउझर (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारा) वापरणाऱ्यांसाठी एक छोटी माहितीपुस्तिका मराठीत करतोय. त्यात 'नेम कोलिजन' आलंय. एकाने 'नामसंघर्ष' सुचवलंय, पण ते ऐकलं की पक्ष फुटून नाव-चिन्हावरून कोर्टात गेल्यासारखं वाटतं. अर्थ असा, की डॉट ओनियनने संपणारं नाव टॉरमध्ये एका जागी नेतं, आणि उद्या तेच शेपूट डीएनएसमध्ये (नावावरून साइटचा आकडी पत्ता शोधून देणारी नेहमीची यंत्रणा) कुणी विकत घेतलं तर भलतीकडेच नेईल. एका शब्दात काय म्हणाल? आणि त्या लांबलचक अक्षरांना डोमेन म्हणायचं का पत्ता?

मोगरा_बारमाही: अहो 'नामसाधर्म्य' आहे की तयार! 'नामसाधर्म्यामुळे भलत्यालाच अटक' असं पेपरात येतं, तेच हे. आणि प्रत्यक्ष भानगड झाली की 'नावांची गल्लत'. टक्कर नको, टक्कर झालेली निदान कळते तरी.

खटपट्या: नामसाधर्म्य मस्त, पण ते डॉट होम, डॉट कॉर्प, डॉट मेल यांना जास्त लागू पडतं. आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, २०१२ला नव्या टीएलडीसाठी (डॉट कॉमसारख्या शेपटांसाठी) अर्ज मागवले, १९३० आले, त्यात ही तीन पण होती. आता ही नावं कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कात नि घरच्या राउटरांत आधीच एवढी पसरलेली की त्यांच्या क्वेरी (नावांच्या विचारणा) गळून रूट सर्व्हरवर, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, येऊन पडायच्या, शेवटी ती कुणालाच दिली नाहीत. बाकीच्या नव्या टीएलडींना सुरुवातीला ९० दिवस १२७.०.५३.५३ हे उत्तर द्यायला लावलं, ५३ म्हणजे डीएनएसचा पोर्ट, लॉगमध्ये असला चमत्कारिक आकडा दिसला की अ‍ॅडमिनने शोधत बसावं म्हणून. मला ही आयडिया जाम आवडते.

ओनियनचं दुखणं वेगळंय. तिथे दुसरं नाव जन्मालाच आलेलं नाही, पण साध्या ब्राउझरमध्ये ओनियन टाकलं की तो जातो आयएसपीच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या) रिझॉल्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला, विचारायला, तो पुढे रूटपर्यंत, उत्तर येणार एनएक्सडोमेन (असं नावच नाही), म्हणजे साइट उघडत नाहीच आणि वर तुम्ही कुठे निघाला होतात ते आयएसपीला फुकटात कळलं. ह्याला सरळ 'गळती' म्हणा. २०२१ला ब्रेव्ह ब्राउझरच्या टॉर खिडकीतूनसुद्धा अशी गळती झाली होती, जाहिराती अडवणारं एक फीचर परस्पर डीएनएसला विचारत होतं. लगेच दुरुस्त केलं त्यांनी.

रानवारा: गळती घेतला. मग 'स्पेशल-यूज डोमेन नेम'ला, म्हणजे खास वापरासाठी बाजूला काढलेल्या नावांना, 'राखीव नाव' चालेल ना?

बापूराव_देशावरचे: चालेल पण जपून हं. आमच्या हापिसात मी 'राखीव' म्हणालो तर साहेब म्हणे, मग आपल्याला मिळेल का, रेट काय? राखीव म्हटलं की माणूस आधी विचारतो कुणासाठी. मला 'डीएनएसबाह्य' बरा वाटतो.

खटपट्या: बापूराव, ओनियनला तो चपखल बसेल, पण स्पेशल-यूज नावांच्या यादीत डॉट टेस्ट, डॉट लोकलहोस्ट, डॉट एक्झाम्पल पण आहेत, त्यांचे नियम निराळे. यादीची पद्धत आरएफसी ६७६१ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) २०१३ला घातली, ओनियन तिच्यात आलं आरएफसी ७६८६ने, ऑक्टोबर २०१५ला. त्यात सांगितलंय की टॉर न कळणाऱ्या प्रोग्रामने ओनियन दिसलं की विचारायलाच जाऊ नये, रिझॉल्व्हरने तिथल्या तिथे नाही म्हणावं, आणि ते कुणी नोंदवून द्यायचं नाही. घाई व्हायचं कारण सर्टिफिकेट, म्हणजे एचटीटीपीएससाठी साइटची ओळख पटवणारा दाखला. फेसबुकने २०१४लाच ओनियनवर एचटीटीपीएस चालू केलं होतं, आणि इकडे आतल्या नेटवर्कातल्या नावांना सर्टिफिकेट देणं १ नोव्हेंबर २०१५पासून बंद होणार होतं, म्हणजे ओनियनला अधिकृत दर्जा नसता तर तेही त्यात गेलं असतं. डॉट आयटूपी, डॉट बिट, डॉट जीएनयू या डीएनएसबाहेरच्याच इतर शेपटांसाठीही हा दर्जा मागितला होता, त्यांना मिळाला नाही. पुढे २०२३ला असल्या सगळ्यांसाठी डॉट ऑल्ट काढलं, पण इतक्या वर्षांनी शेपूट बदलायला कोण बसलंय!

गंमत पुढे आहे. कर्लने (कमांड देऊन वेबवरून काही आणायचा प्रोग्राम) २०२३ला, ८.१.० मध्ये, हा नियम पाळायला घेतला, ओनियन दिसलं की थेट नकार. पण काही जणांची अख्खी मशीनच टॉरमधून जाते, तिथला रिझॉल्व्हर टॉरचाच असतो, त्यांचं चालू असलेलं काम बंद पडलं. म्हणजे गळती थांबवायचा नियम टॉरवाल्यांनाच आडवा आला. कर्लला टॉरची प्रॉक्सी (मधला सर्व्हर) सांगताना सॉक्स५एच लिहिलं की नाव तसंच्या तसं प्रॉक्सीकडे जातं, चालतं. नुसतं सॉक्स५ लिहिलं की कर्ल नाव इथेच सोडवायला बघणार आणि अडणार. एका 'एच'चा फरक.

मोगरा_बारमाही: आणि डोमेन का पत्ता ते राहिलंच की.

खटपट्या: पत्ता. डोमेन कुणीतरी देतं, वर्षाला पैसे भरायचे. ओनियन कुणी देत नाही, तुमच्याच मशीनवर एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची जोडी तयार होते आणि त्यातली पब्लिक (सगळ्यांना दाखवायची) किल्ली, चेकसम (चूक पकडायचा आकडा) नि व्हर्जन मिळून ५६ अक्षरं बनतात. आत्ताचा कुठलाही ओनियन पत्ता बघा, टिंबाच्या आधीचं शेवटचं अक्षर इंग्रजी डी, कारण व्हर्जन तीन. जुने १६ अक्षरी होते ते २०२१ला बंद झाले.

बापूराव_देशावरचे: मग 'किल्ली'च म्हणा ना!

खटपट्या: नको हो, लोक पासवर्ड समजून लपवून ठेवतील.

रानवारा: ठरलं मग. पत्ता, गळती, आणि 'राखीव नाव' एकदा 'कुणालाच न देण्यासाठी राखून ठेवलेलं' असा खुलासा करून. वाक्य असं : "ओनियन पत्ता साध्या ब्राउझरमध्ये टाइप करू नका, साइट उघडणार नाही आणि पत्ता मात्र बाहेर गळू शकतो."

मोगरा_बारमाही: 'टाइप' काढून 'पेस्ट' करा. ५६ अक्षरं टाइप कोण करतंय?